काळी नळी काळीच दिसते

ठिबकच्या नळीला काळा रंग येतो तो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे काजळीसारख्या बारीक भुकटीमुळे. उन्हातले अतिनील किरण तोच शोषून घेतो, म्हणून नळी वर्षानुवर्षं शेतात उघडी पडून राहिली तरी टिकते. पण तो अडीच टक्के असो की अर्धा टक्का, नळी डोळ्यांना सारखीच काळी दिसते. हा न दिसणारा फरक शोधणं हेच माझं काम. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी प्लास्टिकचे नमुने तपासते.

या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला होता तेव्हा, काटोलकडचे एक संत्रा बागायतदार काका नळीचं वेटोळं घेऊन आले. दुसऱ्याच उन्हाळ्यात नळीला उभ्या भेगा गेल्या होत्या, वाकवली की कट्‌कन मोडत होती. सोबत विक्रेत्याने दिलेलं टेस्ट सर्टिफिकेट. "मॅडम, कागद तं बरोबर हाय जी, मंग नळी काहून फाटली?"

कागद खरंच बरोबर होता, पण त्यावर एकच आकडा होता: मेल्ट फ्लो इंडेक्स. पॉलिइथिलीन, म्हणजे नळीचं प्लास्टिक, 190 अंशांवर वितळवायचं, वर 2.16 किलोचं वजन ठेवायचं आणि सुमारे दोन मिलिमीटरच्या छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर येतो ते मोजायचं. प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या लांब असतील तर माल अडखळत येतो, आखूड असतील तर पटकन वाहतो. चाचणी स्वस्त आहे, झटपट होते, कारखान्यात रोजच्या रोज करायला उत्तमच. पण हा आकडा सरासरीचा. फार लांब आणि फार आखूड साखळ्यांचा माल मिसळून हवा तो आकडा सहज आणता येतो. या एकाच आकड्यावर अख्ख्या नळीला पास करणं मला मान्य नाही.

साखळ्यांची खरी वाटणी बघायची तर जीपीसी लागते, म्हणजे माल विरघळवून साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करणारी चाचणी. पण पॉलिइथिलीन थंड द्रावकात विरघळतच नाही, ट्रायक्लोरोबेंझीनमध्ये दीडशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. ती सोय आमच्याकडे नाही. म्हणून मी डीएससीपासून सुरुवात केली. तापवताना नमुना कुठे किती उष्णता घेतो, ते त्यात दिसतं.

नळीचा पाच-सहा मिलिग्रॅमचा कपचा ॲल्युमिनियमच्या इवल्याशा पॅनमध्ये ठेवून वर झाकण दाबून बसवायचं आणि मिनिटाला दहा अंशांनी तापवत जायचं. नळी ज्याची करतात ते लिनियर लो डेन्सिटी पॉलिइथिलीन 120 ते 125 अंशांच्या दरम्यान वितळतं. तो शिखराचा भाग आलेखावर ठीक उमटला. मी आलेख पुढे चालू ठेवला. 160 च्या थोडं पुढे रेघेला एक लहानसा फुगवटा आला. तिथे वितळतं ते पॉलिप्रोपिलीन. ठिबकच्या नळीत त्याचं काही काम नाही. पोती, डबे, झाकणं असा भंगारातला मिश्र माल वितळवून घातला की ते येतं. पॉलिइथिलीनशी ते नीट एकजीव होत नाही आणि ताण आला की भेग तिथूनच धरते.

मग टीजीए, म्हणजे तापवत जाताना वजन किती घटतं ते मोजणं. नायट्रोजनमध्ये तापवलं की पाचशे अंशांपर्यंत पॉलिमर उडून जातं. सहाशेच्या आसपास हवा सोडली की कार्बन ब्लॅक जळतो आणि घटलेल्या वजनावरून तो किती होता ते कळतं. इथे तो दोन टक्क्यांच्या बराच खाली निघाला. पुढे सातशेच्या सुमारास वजन आणखी 5 टक्क्यांनी उतरलं. हा कॅल्शियम कार्बोनेटमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात त्याचा वाटा 44 टक्के, म्हणजे नळीत 11 टक्क्यांच्या वर चुनखडी! शेवटी पॅनमध्ये पांढरी राख उरली.

इन्फ्रारेड किरण नमुन्यावर टाकून कुठले शोषले जातात ते बघितलं, त्यानेही तेच सांगितलं. काळा माल किरणं गिळतो, नमुना ज्यावर दाबून धरतात त्या हिऱ्याच्या क्रिस्टलवर रेघ तिरकी-वाकडी येते. जर्मेनियमचा क्रिस्टल लावला की किरण कमी खोल जातात आणि चित्र साफ होतं. 875 ला कार्बोनेटची टोकदार रेघ. आणि उन्हाकडच्या बाजूला 1715 च्या जवळ कार्बोनिल, म्हणजे साखळ्या ऑक्सिजनने तोडायला सुरुवात केलेली. त्याच नळीच्या सावलीकडच्या बाजूला ही रेघ जेमतेम होती.

शेवटी ओआयटी: 200 अंशांवर ऑक्सिजन सोडून नमुना किती वेळ तग धरतो ते बघायचं. आतला अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनपासून प्लास्टिक वाचवणारा घटक, संपला की उष्णता बाहेर पडू लागते. पिण्याच्या पाण्याच्या एचडीपीई पाइपांकडून वीस मिनिटांची अपेक्षा असते. या नळीची रेघ ऑक्सिजन लागताच पेटल्यागत वर गेली. वापरलेल्या नळीत अँटिऑक्सिडंट खर्च झालेला असतोच, म्हणून काकांच्या गोदामातलं न उघडलेलं बंडल मागवून तेही तपासलं. त्यातही तो नावालाच होता. तेव्हा दोष एकट्या उन्हावर ढकलता येणार नव्हता.

अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना ही उपकरणं मला एकेक सुटा धडा वाटायची. आता वाटतं, एकाचं ऐकायचं नाही, चौघांना विचारायचं. नळी घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: कागदावर कार्बन ब्लॅकचं प्रमाण आणि ओआयटी मागा. आणि नव्या बंडलमधला मीटरभर तुकडा, छापलेल्या बॅच नंबरसकट, घरात अंधारात जपून ठेवा. काकांकडे तसं न उघडलेलं बंडल होतं म्हणूनच रिपोर्टमध्ये मला ठामपणे लिहिता आलं.