तुम्ही विचारलंत म्हणून: काळी गाडी अशी लख्ख कशी राहते?

पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, मंगल कार्यालयाच्या बाहेर, मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, काळी गाडी इतकी लख्ख कशी ठेवता? पॉलिश कुठलं वापरता?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची स्वतःची गाडी काळी किंवा गडद निळी असते आणि घेतल्यावर वर्षभरातच तिची रया गेलेली असते. उभ्या उभ्या उत्तर द्यायचं म्हटलं तर निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पॉलिशचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही. माझ्या गाडीवर कोरडं फडकं कधी फिरत नाही, हे तिच्या लकाकीचं मुख्य कारण. पॉलिशचा नंबर त्यानंतर बराच खाली लागतो.

आजकालच्या गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. जी चमक पाहून तुम्ही शोरूममध्ये गाडी पसंत केलीत, ती या केसाहून पातळ थरात आहे, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही तोच करतो.

चरे पांढऱ्या गाडीवरही तेवढेच पडतात. पण पांढरा रंग सगळीकडून उजेड परत पाठवतो आणि त्या उजेडात चरे हरवून जातात. काळा रंग उजेड गिळून टाकतो. मग डोळ्यांपर्यंत पोचतं ते फक्त वरच्या पृष्ठभागावरून परतलेलं, आणि तिथे बारीकशा चऱ्याची कडसुद्धा लपत नाही. रात्री बोनेटवर मोबाइलचा टॉर्च धरून बघा. उजेडाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसेल. टॉर्च सरकवलात की जाळंही सरकेल. चरे खरं तर वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, पण उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला गोल दिसतं. कुणीतरी गोल गोल पुसलं म्हणून गोल चरे पडले, असं समजून पुसणाऱ्यावर रागावू नका.

आता ते चरे येतात कुठून? आमच्या भागात चारी बाजूंनी बांधकामं चालू आहेत. गाडीवर रोज जी पांढुरकी पूड बसते, तिच्यात सिमेंट, वाळू, क्रशरवर फोडलेल्या काळ्या दगडाची भुकटी, सगळं असतं. वाळूतलं क्वार्ट्झ, खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोह्स मापावर, ७ इतकं कठीण. त्याने काचेवरसुद्धा ओरखडा उठतो, मग क्लिअर कोट तर शेवटी राळेचाच थर, त्याची काय कथा. अशी पूड बसलेल्या बोनेटवर तुम्ही कोरडं फडकं किंवा झटकणी फिरवता, तेव्हा त्या वाळूने स्वतःच्या गाडीला घासकाम करत असता.

सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसायला दादा येतात. एक बादली, एक फडकं आणि ऑफिसची वेळ व्हायच्या आत ओळीने उभ्या सगळ्या गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी तपकिरी झालेलं असतं आणि पहिल्या गाडीची माती पुढच्या सगळ्या गाड्यांवर फिरत जाते. यात त्यांचा दोष मला अजिबात दिसत नाही. तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरं काही शक्यच नाही. मी आमच्या दादांना महिन्याचे पैसे पूर्ण देते, फक्त काम बदलून दिलंय: आतून झाडणं, काचा आणि चाकं. रंगाला हात लावायचा नाही. मधले दिवस गाडी धुळकट दिसते, दिसू दे. नुसत्या बसलेल्या धुळीने चरा पडत नाही, ती घासली की पडतो.

धुणं मात्र मी स्वतः करते आणि ते मला मनापासून आवडतं. ऊन यायच्या आत सुरुवात, नाहीतर संध्याकाळी, बोनेटवर तळहात ठेवून ते गार लागलं तर. काळा पत्रा उन्हात इतका तापतो की पाणी पुसायच्या आत उडून जातं आणि मागे पांढरी वर्तुळं ठेवतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर विचारूच नका. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार तापल्या रंगावर असा चिकटतो की साध्या धुण्याने निघत नाही. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, गार पत्र्यावर, मिनिटभर टेकवून लगेच धुऊन टाकायचं. जुने झाले की त्यांची खूण क्लिअर कोटमध्येच बसते.

आधी चाकं, कारण त्यांच्यावरची ब्रेकची काळी पूड सगळ्यात वाईट. त्यांचा ब्रश वेगळा, बादली वेगळी. मग टपापासून खाली नुसतं पाणी, घाई न करता, म्हणजे सुटी माती हात न लावताच वाहून जाते. त्यानंतर दोन बादल्या: एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. लांब मऊ तंतूंचा मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात चांगला खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि दारांची खालची पट्टी सगळ्यात शेवटी, कारण रस्त्यावरचा चिखल तिथे असतो. हात सरळ रेषेत फिरवायचा आणि दाब द्यायचाच नाही. मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं.

सगळं झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. वरचं पाणी हळूच ओतून द्या आणि तळाशी बोट फिरवा. बोटाखाली बारीक रवाळ थर लागेल, करकरेल. एका बादलीत धुतलं असतं तर हे सगळं मोज्यावर बसून परत रंगावर गेलं असतं. मी हे ज्यांना ज्यांना दाखवलंय, त्यांनी दुसऱ्या बादलीबद्दल पुन्हा शंका काढली नाही.

भांड्यांचा साबण वापरू नका, तो रंगावर राखणीला लावलेलं वॅक्स, म्हणजे मेण, खरवडून नेतो. कपड्यांची पावडर तर नकोच.

शेवटचं पाणी पाइपचं तोंड काढून, संथ धारेने सोडायचं. पाणी पडद्यासारखं एकसंध ओघळतं आणि थेंब फार थोडे उरतात. मग मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून नुसता टेकवायचा आणि उचलायचा. हे टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुऊ नका आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नका, त्यांची पाणी शोषायची ताकद जाते. पावसाळ्यात मी गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवते. पहिल्या सरींचं मातकट पाणी सोडून दिलं की पुढचं पाणी जवळपास बिनक्षाराचं, शेवटच्या हाताला त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही.

पाण्याचं म्हणाल तर, एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाणीकपात असते. तेव्हा पाइप लावून गाडी धुणं मला पटत नाही. रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं, ते लावल्यावर गाडीवर पुन्हा पाणी ओतावं लागत नाही. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकायचं, त्यात बरीच मायक्रोफायबर फडकी भिजवून ठेवायची. एका फडक्याची घडी घालून आठ बाजू करायच्या आणि प्रत्येक बाजू एकदाच वापरायची. एका बादलीत गाडी होते. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीला ही पद्धत लावू नका, माती आधी पाण्यानेच उतरवावी लागते.

काही गोष्टी रविवारपर्यंत थांबत नाहीत. पक्ष्याची शीट त्यातली पहिली: तिच्यातलं आम्ल आणि तापलेला काळा पत्रा एकत्र आले की एका दुपारीत डाग कोरला जातो. आंब्याला मोहोर आला की झाडाखाली गाडी लावू नका, तुडतुडे चिकटा सोडतात आणि त्यावर धूळ बसून सगळं घट्ट होतं. दोन्हींवर उपाय एकच, ओलं फडकं पाच मिनिटं टेकवून ठेवायचं आणि मऊ झालं की उचलायचं. डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि मऊ फडकं त्यासाठीच. दसऱ्याला गाडीची पूजा मी हौसेने करते, पण झेंडूच्या हाराची तार आणि दोरा वाऱ्याने बोनेटवर आपटत राहतो, म्हणून हायवेला लागण्याआधी हार उतरवते. हळदी-कुंकवाचं स्वस्तिक वाळलं की खरवडायचं नाही, भरपूर पाण्याने ओघळू द्यायचं.

आता पॉलिश. दुकानात वॅक्सलाही पॉलिश म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. वॅक्स वर बसतं, राखण करतं आणि काही आठवड्यांत झिजतं. ब्राझीलच्या ताडाच्या पानांपासून येणारं कार्नोबा वॅक्स काळ्या रंगाला जी खोली देतं, ती मला फार आवडते. पॉलिशमध्ये मात्र घासणारे कण असतात. ते चऱ्याच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट करतात, म्हणजे दर वेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो. मशीनने जोरकस काम केलं तर एका वेळी काही मायक्रॉन जातात, आणि ते परत येत नाहीत. दर दिवाळीला "रबिंग-पॉलिश" करून घेणारे हा थर स्वतःच्या खर्चाने संपवत असतात. चरे साठले, टॉर्चखाली जाळं दाट झालं, तरच पॉलिश करावं आणि पुढची काही वर्षं धुण्यातच काळजी घ्यावी.

सिरॅमिक कोटिंगबद्दलही विचारता, म्हणजे क्लिअर कोटवर लावतात तो कडक पारदर्शक लेप. चांगलं असतं, पाणी झटकतं, धुणं सोपं होतं. पण जाहिरातीतलं ९एच हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, मोह्सचं नाही. कोरडं फडकं त्यालाही चरे पाडतं. दगड-खडीचा मार वाचवायचा असेल तर त्याला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्मच लागते, आणि ती बरीच महाग पडते.

पॉलिशला गाडी देणार असाल तर आधी त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का विचारा आणि प्रत्येक पॅनेलचं माप तुमच्यासमोर घ्यायला लावा. पत्र्यावरच मापतात, प्लॅस्टिकच्या बंपरवर ही साधी यंत्रं चालत नाहीत. अर्ध्याच बोनेटवर काम करून दाखवायला सांगा. मशीन ड्युअल ॲक्शन, म्हणजे फिरता फिरता हलणारंही, असेल तर बरं. नुसतं गरगर फिरणारं रोटरी अननुभवी हातात काळ्या रंगावर ढगाळ पट्टे सोडतं. आणि पैसे देण्याआधी पॅनेल आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून, गाडी उन्हात नेऊन बघा. काही पॉलिशमधली तेलं चरे तात्पुरते बुजवून टाकतात आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही.