तुम्ही विचारलंत म्हणून: केमोऐवजी एन्झाइमच्या कॅप्सूल?

मी परळमधल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बरेच असतात. रुग्णाला बाहेर बाकावर बसवून मुलगा किंवा सून आत येते, दार लोटून घेते आणि हळू आवाजात विचारते, "मॅडम, बाबांना केमो झेपणार नाही. एन्झाइमच्या कॅप्सूलनी गाठ विरघळते म्हणतात. त्याच दिल्या तर?" या प्रश्नामागे शंभर वर्षांहून जुना सिद्धान्त आहे आणि माणसांवर झालेली तपासणीही आहे, त्यामुळे नुसते 'नको' म्हणून त्यांना परत पाठवणे मला बरोबर वाटत नाही.

एडिंबरा विद्यापीठातले गर्भविज्ञानाचे अभ्यासक जॉन बियर्ड यांच्या लक्षात आले होते, की ज्या पेशींपासून पुढे वार तयार होते त्या गर्भाशयाच्या भिंतीत ज्या रीतीने घुसतात, त्याच रीतीने कर्करोगाच्या पेशीही शेजारच्या भागात घुसतात. गर्भाचे स्वादुपिंड कामाला लागले की वारेच्या पेशींचे हे घुसणे थांबते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरून, स्वादुपिंडात तयार होणारे ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे एन्झाइम कर्करोगावर उपयोगी पडेल असे त्यांनी १९०६ मध्ये मांडले आणि १९११ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. दोन प्रकारच्या पेशींतले साम्य त्यांनी अचूक टिपले होते, उपचाराचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. पुढे १९६० च्या दशकात टेक्सासमधले दंतवैद्य विल्यम केली यांनी ही कल्पना पुन्हा उचलली, आणि त्यांच्याकडून ती न्यूयॉर्कचे डॉक्टर निकोलस गोन्झालेझ यांच्याकडे आली. आज आपल्याकडे मोबाइलवर जे फिरते, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

अडचण शरीराच्या रचनेतच आहे. ट्रिप्सिन हे प्रथिन आहे; तोंडावाटे घेतले तर ते आतड्यात काम करते आणि इतर प्रथिनांसारखेच तिथे बहुतांशी पचून जाते. त्याचा थोडा अंश रक्तात पोहोचला, तरी त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने रक्तात आधीच असतात, आणि ती नसती तर आपल्याच ऊतींना इजा झाली असती. शिवाय लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ट्रिप्सिन रोज सक्रिय रूपात असते, तरीही त्या भागात कर्करोग होतो.

तरीही गोन्झालेझ यांच्या पद्धतीची रीतसर परीक्षा झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १९९९ मध्ये त्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ११ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते इतके चांगले होते, की अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कोलंबिया विद्यापीठातल्या मोठ्या अभ्यासाला पैसे दिले. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे होते, पण रुग्ण त्याला तयार होईनात, म्हणून निवड त्यांच्यावरच सोपवली गेली. ३२ जणांनी एन्झाइम, खास आहार आणि कॉफीचा एनिमा असलेली पद्धत घेतली, तर २३ जणांनी केमो घेतली. केमोच्या गटातले निम्मे रुग्ण १४ महिन्यांपेक्षा जास्त जगले. एन्झाइमच्या गटात हाच आकडा ४.३ महिने होता. वेदना आणि रोजचे जगणे यांतही केमोचा गट बरा होता. अनेक रुग्णांनी पद्धत नीट पाळलीच नाही, असा आक्षेप गोन्झालेझ यांनी घेतला, आणि चिठ्ठ्या न टाकता केलेल्या अभ्यासाला मर्यादा असतात हेही खरे. तरी या तफावतीचे स्पष्टीकरण एवढ्याने होत नाही, असे माझे मत आहे. "नैसर्गिक आहे, मग अपाय काय?" असे ज्यांना वाटते त्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. वारंवार घेतलेल्या कॉफीच्या एनिमाने शरीरातल्या क्षारांचे प्रमाण बिघडू शकते, आणि आधीच वजन घटत असलेल्या माणसाला पथ्याची जाचक यादी सोसत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय सोडत नाही ते सांगते. याच कॅप्सूलची स्वादुपिंडाच्या अनेक रुग्णांना खरोखर गरज असते, फक्त ती गाठीसाठी नसून जेवण पचण्यासाठी असते. गाठीमुळे नलिका बंद झाली किंवा शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचा भाग काढला, की पाचकरस आतड्यात पुरेसा पोहोचत नाही. मग शौचाला फिकट, तेलकट, उग्र वासाचे होते, ते पाण्यावर तरंगते, आणि माणूस दोन वेळा जेवूनही खंगत जातो. घरचे म्हणतात, आजारच तसा आहे. अशक्तपणामुळे केमोही पुढे ढकलावी लागते. म्हणून "शौचाला कसे होते?" हा प्रश्न मी संकोच न करता विचारते, आणि तुम्हीही आपणहून डॉक्टरांना सांगा.

कॅप्सूलची मात्रा डॉक्टर ठरवतात. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाबरोबर साधारण ४०,००० ते ५०,००० एकक लायपेजपासून (चरबी पचवणारे एन्झाइम; कॅप्सूलची ताकद त्यावर मोजतात) सुरुवात होते, लहानसहान खाण्याला त्याच्या निम्म्याने. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, आणि जेवण लांबले तर काही पुढच्या घासांबरोबर. उपाशीपोटी घेतली तर ती वाया जाते. गावाहून येऊन दादरच्या धर्मशाळेत उतरलेल्या कुटुंबांना मी हे दोनदा सांगते, कारण जेवण बाहेरून येते आणि त्यातले तेल त्यांच्या हातात नसते. वडापाव किंवा तुपाची धार सोडलेला मोदक खाल्ला तर त्यासोबतही कॅप्सूल हवी. नुसत्या फळाला सहसा लागत नाही. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून आतले दाणे चमचाभर दह्यात घालावेत आणि न चावता लगेच गिळावेत. गरम भातात मात्र ते कधीही मिसळू नयेत.

एक गोष्ट मी आधीच सांगून टाकते: हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. माळकरी, जैन आणि मुस्लिम कुटुंबांना ते नंतर कळले तर त्यांना फसवल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. औषध म्हणून घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. नको असेल तर आम्ही थोडे थोडे, पण जास्त वेळा खायला देतो, एमसीटी तेल (पचायला सोपे असलेले खास तेल) वापरतो आणि वजनावर लक्ष ठेवतो; मात्र त्याने कॅप्सूलची उणीव पूर्ण भरून निघत नाही, हेही त्याच भेटीत सांगते.