विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलं, डी ड्राइव्हला धक्का न लावता : माझा अनुभव

आमचा लॅपटॉप २०१६ सालचा, आय ५ सहाव्या जनरेशनचा, १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ह्याच्यावर चढत नाही, कारण त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणून विंडोजच्या शेजारी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायचं ठरवलं. बाजारातल्या दुकानात नेला तर म्हणाले फॉरमॅट मारायला लागेल, डेटाची गॅरंटी नाही. मी तसाच परत घेऊन आले.

कारण डी ड्राइव्हमधे काय आहे ते मला माहिती. आमची देवगडला हापूसची बाग, २०१७ पासूनचा पेट्यांचा सगळा हिशोब, पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणाला पाच डझनी कोणाला सहा डझनी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केलेल्या, आजी आता नाही. आणि १६ मे २०२१, तौक्ते वादळात पडलेल्या कलमांचे फोटो, पंचनाम्यासाठी काढलेले. आईला सांगितलं असं असं करतेय, तर म्हणाली "ता काय ता कर, पण फोटो गेले तर माका तोंड दाखवू नको गो."

म्हणून आधी बॅकअप. घरात एक पोर्टेबल हार्ड डिस्क होती, चार वर्षं कपाटात. आमचं घर समुद्रापासून लांब नाही, खारी हवा, पिनेवर तांबूस गंज धरलेला. तरी लावली, कॉपी केलं, मधेच दोनदा डिस्कनेक्ट झाली पण शेवटी झालं असं वाटलं, फोल्डर सगळे दिसत होते. नशीब की मी उघडून बघितलं. तौक्तेचा फोल्डर उघडला तर कितीतरी फोटो वर अर्धे नीट, वर आभाळ आणि फांद्या, आणि खाली सरळ राखाडी पट्टा. फाइलचं नाव बरोबर, आत अर्धाच फोटो. हे बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण ह्याच बॅकअपच्या भरवशावर मी पुढे जाणार होते. मग कणकवलीच्या आतेभावाची एसएसडी आणली, नवीन केबलने परत सगळं कॉपी केलं, दोन्हीकडे फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइल किती आणि बाइट्स किती ते जुळवलं, आणि त्याच्या लॅपटॉपला लावून प्रत्येक फोल्डरमधल्या चारपाच फाइली उघडल्या, ओव्या ऐकल्या. मला विचाराल तर दुसऱ्या मशीनवर उघडून बघेपर्यंत त्याला बॅकअप म्हणूच नका.

मग विंडोजमधली तयारी. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघितलं, आमच्यात बंद होतं, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. फास्ट स्टार्टअप बंद केलं, ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंदच होत नाही, अर्धं झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिताना घोळ होतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधे सी ड्राइव्ह श्रिंक म्हणजे लहान करायला गेले तर २६० जीबी रिकामे असून फक्त २३ जीबी देत होतं. कारण हायबरनेशनची फाइल, पेज फाइल, सिस्टिम रिस्टोर ह्या मधेच बसलेल्या असतात आणि जागच्या हलत नाहीत. तिन्ही बंद केलं, रीस्टार्ट केलं, मग भरपूर जागा दिली. मी १०२४०० एमबी टाकले म्हणजे १०० जीबी, आणि ती जागा तशीच अनअलोकेटेड म्हणजे मोकळी ठेवली, तिथे विंडोजमधून नवीन ड्राइव्ह बनवायचा नाही. ह्या स्क्रीनचा फोनवर फोटो काढला, पुढे तोच कामी आला. पेज फाइल परत चालू केली.

लिनक्सचा मिंट हा प्रकार घेतला, त्याची आयएसओ म्हणजे इन्स्टॉलची एक मोठी फाइल जवळजवळ ३ जीबीची, आमच्याकडे रात्री एकनंतर नेटवर्क बरं चालतं म्हणून तेव्हा लावली. पहिल्यांदा चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का ते ताडायचा आकडा, जुळला नाही, डाउनलोड मधेच तुटलं असणार, परत उतरवली तेव्हा जुळला. हे करायला दोन मिनिटं लागतात, टाळू नका. रुफस नावाच्या प्रोग्रॅमने आयएसओवरून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह केला, पेनड्राइव्हवरचं सगळं जातं, बाबांच्या भजनांचा होता तो आधी रिकामा करून घेतला.

एफ १२ दाबून बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला, ज्याच्यापुढे यूईएफआय (मशीन चालू व्हायची नवी पद्धत) लिहिलंय तोच घेतला कारण विंडोज त्याच मोडमधे आहे. आधी मिंट नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं, ह्या लाइव्ह मोडमधे काही इन्स्टॉल होत नाही, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, डी ड्राइव्ह उघडतोय का हे निवांत बघितलं.

आता खरी जागा. इन्स्टॉलरमधे इरेज डिस्क असा एक पर्याय असतो, तो म्हणजे सगळी डिस्क साफ. विंडोजच्या शेजारी टाका असाही पर्याय आहे पण त्यात जागा तो ठरवतो, म्हणून मी समथिंग एल्स, म्हणजे जागा आपणच ठरवायचा पर्याय, घेतला. पुढे पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी आली आणि एकही आकडा फोनमधल्या फोटोशी जुळेना! मी १०२४०० ठेवले होते, इथे फ्री स्पेस १०७३७४. डी ड्राइव्ह विंडोजमधे ५०० जीबी, इथे ५३६८७०. हात थांबला तिथेच. लॅपटॉप तसाच ठेवून कागद घेतला, मग लक्षात आलं की विंडोज १०२४ ने मोजतं आणि हा १००० ने. १०२४०० ला १.०४८५७६ ने (१०२४ गुणिले १०२४, भागिले दहा लाख) गुणलं, आलं १०७३७४. डी चं, ५०० जीबी म्हणजे ५१२००० एमबी, तसंच केलं, आलं. २६० एमबीची ईएफआय, म्हणजे मशीन चालू करायची छोटी पार्टिशन, इथे २७२. प्रत्येक ओळ अशी जुळवली तेव्हाच पुढे गेले.

फ्री स्पेसवर एक ईएक्सटी ४ (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट) पार्टिशन, माउंट पॉइंट नुसता स्लॅश, म्हणजे सगळं मिंट ह्याच पार्टिशनवर. ईएफआयवर फॉरमॅटची खूण करायची नाही, विंडोज चालू करणारा बूटलोडर तिथेच असतो. स्वॅपचं, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायच्या जागेचं, वेगळं पार्टिशन केलं नाही, मिंट स्वॅप फाइल स्वतः बनवतं. इन्स्टॉल दाबल्यावर शेवटची एक खिडकी येते, कुठली पार्टिशन फॉरमॅट होणार ते लिहिलेली. त्यात एकच नाव हवं होतं, पार्टिशन ६, ईएक्सटी ४. एकच होतं. आईला हाक मारून बाजूला बसवलं आणि मग कंटिन्यू दाबलं.

हे सगळं पहाटे साडेपाचला, लॅपटॉप इन्व्हर्टरवर, कारण आमच्याकडे जरा वारा सुटला की लाइट जाते आणि बॅटरी वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. मधे लाइट गेली पण, काही झालं नाही.

रीस्टार्ट केल्यावर ग्रबच्या, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या, मेनूत मिंट आणि खाली विंडोज दोन्ही. आधी विंडोज उघडलं, डी जसाच्या तसा. नंतर मिंटमधून परत विंडोजला गेले तर घड्याळ साडेपाच तास मागे, कारण मिंट मशीनच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटलाही स्थानिक वेळच लिहायला सांगणारी टाइमडेटसीटीएलची एक कमांड दिली, झालं. मराठीसाठी कीबोर्डमधे इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची मांडणी जोडली, हिशोबाच्या एक्सेल लिब्रेऑफिसमधे उघडल्या, बेरजा जुन्या प्रिंटशी ताडून बघितल्या, बरोबर.

मग मिंटमधूनच तौक्तेचा फोल्डर उघडला आणि स्क्रीन आईकडे वळवली. ती एकेक फोटो पुढे ढकलत गेली, एका ठिकाणी थांबली, मुळं वर आलेलं झाड, मागे कठड्याची कड. बोट ठेवून म्हणाली, "ह्यां आमचां विहिरीकडचां कलम."