कॉइलची जोडी

डास हल्ली दिवेलागणीचीही वाट बघत नाहीत. साडेचारलाच गुणगुणायला लागले, म्हणून मच्छर कॉइलचं खोकं काढलं. एकात एक अडकलेली ती हिरवी जोडी सोडवायचा मान आमच्या घरी आजोबांचा. मध्यावर दोन्ही अंगठे, श्वास रोखलेला, एक वेटोळं जरा वर, दुसरं जरा खाली. मुलांनी जवळून चालायचंसुद्धा नाही. तरी टक् व्हायचंच. मग पत्र्याच्या स्टँडवर न बसणारे तुकडे आजी तुळशीशेजारच्या कुंडीत खोचून पेटवायची. टाकणं तिच्या रक्तात नव्हतं.

न सोडवलेली जोडी म्हणजे दोन भुजांची सर्पिल दीर्घिकाच, अब्जावधी ताऱ्यांचं फिरतं वेटोळं. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीची ताऱ्याजवळ एम ५१ नावाची अशीच एक दीर्घिका दिसते. आयर्लंडात लॉर्ड रॉसनी ७२ इंची दुर्बिणीतून १८४५ मध्ये तिच्या भुजा पाहिल्या आणि हाताने चितारल्या. फक्त त्या भुजा कशा ऐसपैस, सैल! मला तेच खटकतं. केंद्राजवळचे तारे फेरी झटपट उरकतात, लांबच्यांना वेळ लागतो. आपला सूर्य आकाशगंगेच्या, म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या, केंद्राभोवती सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पळतो, तरी एका फेरीला बावीस-तेवीस कोटी वर्षं. आजवर त्याच्या वीसेक झाल्या. भुजेत कायम तेच तारे असते, तर एव्हाना तिचे या कॉइलसारखे घट्ट वेढे व्हायला हवे होते.

लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये म्हटलं, भुजा ही दाटीची लाट आहे. तारे आणि वायू तिच्यात शिरतात, पलीकडे निघून जातात. शिरताना वायू दाबला जातो, नवे तारे पेटतात. त्यातले थोराड निळे तारे इतके उधळे की भुजेबाहेर पडायच्या आतच संपतात. झगमगाट सगळा त्यांचा. दोन भुजांमधल्या अंधाऱ्या पट्ट्यातही तारे फारसे कमी नसतात. मंद, काटकसरी, दीर्घायुषी. फोटोत माझी नजर हटकून तिकडेच जाते.

पण लाट टिकते कशी? एम ५१ ला शेजारची धाकटी दीर्घिका ओढते, हे ठीक. शेजार नसलेल्यांचं काय? संगणकावर दीर्घिका फिरवून बघणारे काहीजण म्हणतात, भुजा टिकतच नाहीत; मोडतात, पुन्हा नव्या होतात. दोन्ही बाजूंना माझ्याहून शहाणी माणसं. आकाशगंगेत आपण राहतो ती मृग भुजा. तिला भुजा म्हणायचं की नुसता फाटा, यावरच अजून एकमत नाही म्हणे.