बॉनेटखालची किरकिर

आज अर्धा दिवस कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेला. गाडी सुरू केली की बॉनेटखालून किरकिर. ओळखीच्या सगळ्यांनी निदानं आधीच देऊन ठेवलेली, एकानं तर इंजिनच उतरवायला सांगितलेलं!

मिस्त्रींनी आधी नुसतं विचारलं: आवाज गार असताना येतो की तापल्यावर? रेस केल्यावर वाढतो? एसी लावल्यावर? मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, टेकवलं आणि मूठ कानाला लावली. स्टेथोस्कोपच जणू. (फिरत्या पट्ट्याजवळचं हे काम, घरी कुणी करू नका.) "टॅपेट, म्हंजे झडपा उघडणारा भाग, बिघडला तर टकटक करतंय, इंजिनच्या निम्म्या वेगानं. खालनं जड ठोका आला तर इंजिनातलं बेअरिंग, मग खर्च. हे तसलं न्हाई ओ."

पट्टा काढून इंजिन जेमतेम काही सेकंद चालवलं. आवाज गायब. म्हणजे दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या कशाततरी. इंजिन बंद करून एकेक पुली हातानं फिरवली, तर आयडलर (पट्ट्याला नुसती वाट दाखवणारी पुली) खरखरत होती. आतलं ग्रीस पार वाळलेलं.

पुली नवी टाकली, तडे गेलेला पट्टाही बदलला. कान असावेत तर असे! आता मागच्या ब्रेकची चींचीं उरली आहे, तिला पुढच्या पगारापर्यंत थांबावं लागेल.