बेलवरचं आडनाव

जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात इमारतीला क्रमांक असतो, आतल्या फ्लॅटला नसतो. मुख्य दाराशी बेलच्या बटणांची पाटी असते आणि प्रत्येक बटणासमोर एक आडनाव. आतल्या टपालपेट्यांवरही तीच आडनावं. पोस्टमन मजला विचारत नाही, आडनाव शोधतो, आणि ते सापडलं नाही तर पत्र परत जातं. जर्मनीला शिकायला निघालेल्या माणसाला व्हिसा, विमा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम सुटते) यांबद्दल सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि माझ्या हिवाळी सत्राचा पहिला भाग याच एका गोष्टीने खाऊन टाकला.

वर्षभराच्या एक्सचेंजसाठी मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचले. वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून दोन मुलींबरोबर सामायिक फ्लॅटमध्ये एक खोली घेतली. खोली उत्तम होती. मोठी खिडकी, चांगला हीटर, खाली सायकल ठेवायला जागा. रविवारी दुकानं बंद, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की 25 सेंट परत, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, या सगळ्याची सवय पटकन होते. त्याचा बाऊ करू नये.

नियम असा की घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा. सोबत घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते मिळालं, नोंदणी झाली, बँकेत खातं उघडलं. इथून पुढे सगळं पोस्टाने येणार होतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन वेगळ्या दिवशी वेगळ्या पाकिटात. विम्याचं कार्ड पोस्टाने. अकरा आकडी करक्रमांक, जो माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, तोही पोस्टानेच.

आणि पेटीवर माझं नाव नव्हतं.

इमारतीची व्यवस्था एका कंपनीकडे होती. त्यांचं म्हणणं, सगळ्या पाट्या एकाच अक्षरात कोरलेल्या हव्यात, त्या बाहेरून बनून येतात, ऑर्डर दिलेली आहे. तोवर कागद चिकटवू का, असं विचारलं तर परवानगी नाही, कारण दर्शनी भाग एकसारखा दिसला पाहिजे. भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून वेळेवर घेतलं. मला याचा फार राग आला आणि आजही आहे. ज्याच्याकडून भाडं घेता, त्याचं नाव दारावर लावणं हे तुमचं पहिलं काम आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा ठरलेली रक्कम नव्या खात्यात जमा होत होती, पण कार्ड आणि पिन दोन्ही परत गेल्यामुळे मला ती काढता येत नव्हती. किराण्याचे पैसे फ्लॅटमधल्या मुली भरायच्या आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवायच्या. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तरी दुसऱ्याच्या पैशाचं दूध पिताना घास अडकतोच.

त्या दिवसांत मी खूप चालले. जुन्या गावाभोवतीच्या तटावरून फिरायला पैसे लागत नाहीत. ग्योटिंगेनच्या घरांवर संगमरवरी पाट्या आहेत, तीनशेहून जास्त. त्या त्या घरात राहून गेलेल्या विद्वानाचं नाव आणि वर्षं, बस. गणिती गाउस, कवी हाइने, इथे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नकडे 1927 साली डॉक्टरेट केलेला, पुढे अणुबॉम्बमुळे गाजलेला ओपेनहायमर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेले कीलहॉर्न पुढे इथेच प्राध्यापक झाले, आणि 1885 साली रा. गो. भांडारकरांना याच विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, हे ठाऊक असल्यामुळे मी प्रत्येक पाटी थांबून वाचायचे. एरवी मला याने आनंदच झाला असता. पण शंभर वर्षांपूर्वी राहून गेलेल्यांची नावं भिंतींवर वाचायची आणि घरी येऊन आपली बिननावाची पेटी उघडून बघायची, याने त्या संध्याकाळी डोळे भरून यायचे. डिसेंबरात तिथे चारनंतर लगेच अंधार पडतो.

एक दिवस पेटीपाशी उभी होते तेव्हा तळमजल्याचं दार उघडलं. आजी बाहेर आल्या. (आजी हे मराठीत, तिथे त्यांना आडनावानेच हाक मारायची, आणि अहोजाहो दोन्ही बाजूंनी.) रोज पेटीत काय शोधता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या आत गेल्या, चष्मा, जाड कागद आणि शाईचं पेन घेऊन आल्या, जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, अक्षरं सांगा. मी देशपांडेतलं एकेक अक्षर सांगायचं आणि त्यांनी खात्री करून घ्यायची. डोरा? एमिल? झिगफ्रीड? हाइनरिश? पाउला? फोनवर अक्षरं सांगायची ही तिथली जुन्या लोकांची पद्धत. शेवटच्या एमिलपर्यंत पोचलो तेव्हा कागदावर शाळेतल्यासारखं गोल, सुबक आडनाव होतं. त्यांनी स्वतः ते चिकटपट्टीने पेटीवर लावलं, दुसरं बेलपाशी लावलं. कंपनीचा नियम सांगितला तर म्हणाल्या, या घरात सगळ्यात जास्त वर्षं मी राहिले आहे, त्यांच्याशी मी बोलेन.

पुढच्याच आठवड्यात पत्रं येऊ लागली.

जर्मन माणूस थंड असतो असं ऐकून गेले होते. मला ते पटत नाही. न कळवता कुणी कुणाकडे जात नाही, हे खरं. पण पार्सलवाल्याला घरी कुणी सापडलं नाही तर तो पार्सल शेजाऱ्याकडे देतो आणि पेटीत चिठ्ठी टाकतो, अमुक आडनावाकडे आहे. मग त्या बेलवर बोट ठेवायचं. अख्ख्या इमारतीशी माझी ओळख अशीच झाली. उन्हाळी सत्रात मी घरी बसून प्रकल्पाचं लिहीत असायचे, तेव्हा निम्म्या इमारतीची पार्सलं माझ्याकडे असायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाप्यांशी पाऊण-पाऊण तास दारातच गप्पा व्हायच्या.

कोरीव पाटी आली, वसंत ऋतूत. स्पेलिंग बरोबर होतं.

निघायच्या आधी मी कंपनीला लिहिलं की माझ्या खोलीत येणाऱ्या मुलीच्या पाटीची ऑर्डर आत्ताच द्या. ती राहायला आल्यावरच ऑर्डर देता येते, असं उत्तर आलं. तेव्हा त्या मुलीकडून आडनावाचं स्पेलिंग मागवून घेतलं आणि तळमजल्यावर देऊन आले.