रिकाम्या टाकीला रोज खाऊ

दोन फुटी टाकी डोंबिवलीच्या घरात आली ती लेकीच्या हट्टापायी. दुकानदाराने सहा गोल्डफिश दिले, वर "अँटिक्लोरिनचे थेंब टाका, बाकी काही नाही" म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढुरकं. मी सगळं पाणी उपसलं, खडी घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून खळखळून पिळला. दोन दिवसांनी पुन्हा ताक, पुन्हा तीच धुलाई. आठवड्यात सहाही मासे गेले. शेवटचा तर पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होता.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं, मी मेहनतीने घाणच नव्हे, उपयोगी जिवाणूंची वस्तीही धुऊन टाकत होतो. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, खडी, काच धरून राहतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही. ते पांढरं ताक वेगळ्याच, झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंचं होतं. काही न करता ते आपोआप निवळलं असतं!

मग पाण्यातला अमोनिया, नायट्राइट नळीतल्या रंगावरून दाखवणारं टेस्ट किट आणलं आणि मासे न आणता सुरुवात केली. रोज चिमूटभर खाऊ टाकायचा, तो कुजून जिवाणूंसाठी अमोनिया व्हायचा. "बाबा, मासेच नाहीत तर खाऊ कोणाला?" लेकीचा प्रश्न. आईने तर मला काही झालंय का, असं बायकोला विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात अमोनियाची नळी गडद हिरवी. तिसऱ्यात ती फिकट होऊ लागली आणि नायट्राइटची जांभळी झाली. तिथेच घोडं अडलं. बारा दिवस रोज सकाळी चहाआधी नळी हलवायची आणि जांभळंच बघायचं. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायलाही दिवस मोडतो. हे नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो अशी समजूत होती. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते नायट्रोस्पिरा करतो, हे 1998 साली दिसून आलं. 2015 मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळं एकट्याने उरकणारा नायट्रोस्पिराही सापडला. माझ्या टाकीत त्यातलं कोणीच घाईत नव्हतं.

शेवटी ठाण्याच्या एका मित्राने त्याच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा कापून दिला. "ओला ठेव रे, आणि धुवायचा नाही, शपथ आहे." काळपट, चिखलाने माखलेला तो तुकडा त्याच्या टाकीच्याच पाण्यात पिशवीत घालून मी लोकलने आणला, शेजारचा प्रवासी सरकून बसला. आठवड्याभरात नायट्राइट शून्य. आणखी दोन दिवस खात्री केली आणि चार झेब्रा डॅनिओ आणले. गोल्डफिश घाण फार करतात, एवढ्या छोट्या टाकीचं ते काम नव्हे.

आता आठवड्याला पाव टाकी पाणी काढतो आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच बादलीत हलके दाबतो. ते मातकट पाणी आई मोगऱ्याला घालते, गुलाबाला घालते. तुळशीला मात्र नाही.